पैसा असून खेळाडू का सुटतात? एनएचएल संघ सॅलरी कॅप कशी सांभाळतात

प्रश्न असा विचारला आहे: 'टोरोंटो मेपल लीफ्स हा आइस हॉकीतला अतिशय श्रीमंत संघ. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात मिच मार्नर त्यांना सोडून लास वेगासला गेला. मालकाकडे पैसा असताना असं का होतं? सॅलरी कॅप सगळ्यांना सारखीच आहे, तर फ्लोरिडाचे संघ त्याच मर्यादेत राहून चषक कसे जिंकतात? आणि संघ ही मर्यादा रोजच्या रोज सांभाळतो कशी?'

मी अनेक वर्षं खेळाडूंच्या करारांच्या आकडेमोडीचं काम करतो आहे, एजंटांच्या बाजूने. म्हणजे टेबलाच्या पलीकडे संघाचा जो माणूस बसतो, त्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखणं हाच माझा व्यवसाय. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला सॅलरी कॅप हा पैशाचा हिशोब वाटतो. आतल्या माणसांचा जास्त वेळ तारखांवर जातो. कोणता करार कोणत्या वर्षी सुरू होतो, कोणाचा कधी संपतो, आजचं ओझं तीन वर्षांनी कोणावर पडेल, याच्याभोवती जवळजवळ सगळे निर्णय फिरतात.

मूळ नियम थोडक्यात. २००४-०५ चा एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात रद्द झाला. त्यातून जो सामूहिक करार झाला, त्यात प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आली, तीच सॅलरी कॅप. पहिल्या वर्षी, २००५-०६ मध्ये, ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर पोचली. तळाचीही मर्यादा असते, त्या हंगामात ७ कोटी ६ लाख. त्याखाली कोणी जायचं नाही. लीगच्या हॉकी उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, निम्मा मालकांचा, असं २०१३ पासून ठरलेलं आहे आणि कॅपचा आकडा त्या वाटपातून निघतो. खेळाडूंच्या प्रत्येक पगारातून काही रक्कम बाजूला ठेवतात. हंगामाअखेर त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त झाला असेल तर ती मालकांकडे जाते. याला एस्क्रो म्हणतात आणि खेळाडूंच्या तोंडून या शब्दाबद्दल चांगलं बोलणं मी अजून ऐकलेलं नाही.

आयपीएलच्या लिलावातली पर्स आपल्याला परिचयाची आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. पण तिथे काही वर्षांनी पाटी बरीचशी कोरी होते. एनएचएलमध्ये ती कधीच कोरी होत नाही. आठ वर्षांपूर्वीच्या जनरल मॅनेजरने केलेला करार आजच्याच्या वहीत तसाच असतो. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये दंडवजा कर भरून मर्यादा ओलांडता येते. इथे तीही सोय नाही. टोरोंटोच्या मालकांनी कितीही मोठा चेक फाडायची तयारी दाखवली, तरी त्यांना विनिपेगसारख्या छोट्या संघापेक्षा एक डॉलर जास्त वापरता येत नाही.

आता 'कॅप हिट' समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे कॅप हिट. खेळाडूला पहिल्या वर्षी प्रत्यक्षात जास्त मिळाले आणि शेवटच्या वर्षी कमी, तरी कॅपच्या वहीत दर वर्षी सरासरीच लागते. या एका व्याख्येत केवढी फट होती हे २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने दाखवलं. त्यांनी इल्या कोवलचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. त्यातले ९ कोटी ८५ लाख पहिल्या अकरा वर्षांत मिळणार होते आणि शेवटची पाच वर्षं, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिशीपर्यंत, तो वर्षाला साडेपाच लाखांवर खेळणार होता. तो त्या वयापर्यंत खेळेल असं कोणालाच वाटत नव्हतं. ती वर्षं फक्त सरासरी ६० लाखांवर आणण्यासाठी जोडली होती. लीगने करार फेटाळला, लवादानेही लीगच्या बाजूने निकाल दिला, आणि सुधारित करार झाल्यावरही संघाला दंड झाला. तीन वर्षांनी कोवलचुक रशियाला परतला. त्याचे अडीच लाख डॉलर डेव्हिल्सच्या वहीत दर वर्षी लागत राहिले ते २०२४-२५ पर्यंत.

हे अडीच लाख कुठून आले? २०१३ च्या सामूहिक करारात असे लांबवलेले करार बंद झाले आणि आधीच्या करारांवरही मागे जाऊन वसुलीचा नियम लागला: खेळाडू लवकर निवृत्त झाला, तर ज्या संघाने सरासरीचा फायदा घेतला त्याने तो परत करायचा. व्हँकुव्हरने रॉबर्टो लुओंगोला २०१४ मध्येच फ्लोरिडाला दिलं होतं. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा व्हँकुव्हरच्या कॅपमधून तीन हंगाम दर वर्षी सुमारे ३० लाख गेले, पाच वर्षांपूर्वी संघ सोडलेल्या गोलकीपरसाठी. नियम नंतर बदलून जुन्या करारांना लावावा का, यावर व्हँकुव्हरचे लोक आजही चिडतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. तो करार झाला त्या दिवशी लीगने स्वतःच तो मंजूर केला होता.

यानंतर येते ती चांगल्या कॅप व्यवस्थापकाची पहिली सवय: डॉलरमध्ये विचार न करणं. तो टक्क्यांत विचार करतो. सिडनी क्रॉस्बीचं उदाहरण घ्या. पिट्सबर्गसाठी त्याचा कॅप हिट २००८-०९ पासून ८७ लाखच आहे. त्या वर्षी कॅप होती ५ कोटी ६७ लाख, म्हणजे त्याचा वाटा १५ टक्क्यांहून थोडा जास्त. २०१३-१४ मध्ये दुसरा, १२ वर्षांचा करार सुरू झाला तेव्हा साडेतेरा टक्के. २०२५-२६ मध्ये तेच ८७ लाख म्हणजे जेमतेम ९ टक्के. तेच पैसे, तोच खेळाडू, पण संघाला त्याच्याभोवती उभं करायला दर वर्षी थोडी जास्त जागा. लांब करार संघाला फायद्याचा का ठरतो, ते यात दिसतं. कॅप वाढत राहिली, तर कराराची शेवटची वर्षं आपोआप स्वस्त होतात.

कॅप वाढत राहिली, तर. टोरोंटोची कहाणी या 'तर'मध्ये आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांनी चार खेळाडूंशी करार केले: जॉन टॅव्हारेस १ कोटी १० लाख, ऑस्टन मॅथ्यूज १ कोटी १६ लाखांच्या आसपास, मार्नर सुमारे १ कोटी ९ लाख, विल्यम नीलँडर जवळजवळ ७० लाख. चौघांचे मिळून साधारण ४ कोटी ५ लाख, आणि २०१९-२० ची कॅप होती ८ कोटी १५ लाख. निम्मी कॅप चार जणांत. हा वेडेपणा नव्हता. कॅप दर वर्षी वाढेल आणि दोन-तीन वर्षांत हे प्रमाण खाली येईल, असा तो अंदाज होता. मग कोविड आला. रिकाम्या स्टेडियममुळे उत्पन्न कोसळलं, खेळाडूंवर मालकांचं देणं साचलं आणि ते फिटेपर्यंत कॅप गोठवली गेली: ८ कोटी १५ लाख सलग तीन हंगाम, मग ८ कोटी २५, मग ८ कोटी ३५. म्हणजे जी जागा उघडायची होती ती पाच वर्षं उघडलीच नाही. उरलेल्या निम्म्या पैशात अठरा-एकोणीस माणसं बसवायची, तर बचावफळीत आणि गोलजाळ्यात स्वस्तात मिळेल तेच घ्यावं लागलं आणि प्लेऑफमध्ये ते उघडं पडलं. चौघांना एकत्र ठेवण्याचा हट्ट लांबला, हा माझ्या मते खरा दोष. मूळ करारांना मी तेवढा दोष देत नाही.

आणि मार्नर शेवटी कॅपमुळे गेला असं म्हणता येणार नाही. २०२५ पर्यंत कॅप पुन्हा वाढू लागली होती, त्याच्यासाठी जागा होती. पण त्याच्या करारात ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या संघाशी होणाऱ्या अदलाबदलीला, नकार देण्याचा पूर्ण अधिकार होता, त्यामुळे संघाला त्याला आधी विकून मोबदला घेता आला नाही. करार संपत आला तेव्हा तो मोकळा होणार होता आणि त्याने जायचं ठरवलं. टोरोंटोने अखेरीस ३० जूनला त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाखांचा करार करून लगेच वेगासला ट्रेड केलं, कारण त्या वेळच्या नियमांत आठवं वर्ष फक्त स्वतःचाच संघ देऊ शकत होता. बाहेरच्याला सातच देता येत होती. त्या एका जास्तीच्या वर्षाच्या बदल्यात त्यांना निकोला रॉय हा मधल्या फळीचा खेळाडू मिळाला. एजंट ट्रेड-नकाराचं कलम पगारातल्या लाख-दोन लाखांपेक्षा जास्त जीव तोडून का मागतात, हे यावरून लक्षात येईल.

रोजच्या कामाबद्दल विचारलं होतं, तर तिथे येतो. कॅप वर्षाच्या शेवटी मोजत नाहीत, रोज मोजतात. हंगाम समजा १९० दिवसांचा असेल, तर प्रत्येक खेळाडूच्या कॅप हिटचा १९० वा भाग त्या दिवशी संघाच्या नावे लागतो. उन्हाळ्यात मर्यादेच्या दहा टक्के वर जाता येतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र आत यावंच लागतं. आता एखाद्या संघाने पहिल्या दिवशी १० लाखांची जागा मोकळी ठेवली आणि तशीच जपली, तर काय होतं पाहा. मार्चमधल्या ट्रेडच्या अंतिम तारखेला ४० दिवस उरलेले असतील, तर त्या १० लाखांत वर्षाला साडेसत्तेचाळीस लाख घेणारा खेळाडू बसतो, कारण त्याचे फक्त ४० दिवसांचे पैसे लागणार. ऑक्टोबरमधली छोटी काटकसर मार्चमध्ये जवळजवळ पाचपट होऊन परत येते.

त्यासाठीच तेराव्या, म्हणजे राखीव, आघाडीपटूचा पगार हा गंभीर विषय असतो. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, २३ जण ठेवता येतात, पण सामन्याला वीसच उतरतात. मग तेवीस ठेवायचे की एकवीस? प्रत्येक रिकाम्या जागेमागे रोज चार-पाच हजार डॉलर वाचतात. मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळीवरचा, संघ जवळ असेल तर हे सोपं जातं. टोरोंटोचा मार्लीज त्याच शहरात खेळतो; एडमंटनचा मात्र दूर कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये. पूर्वी सामना नसलेल्या दिवशी तरुण खेळाडूला फक्त कागदोपत्री खाली पाठवून दुसऱ्या दिवशी वर आणायचे; मुलगा घरीच असायचा, पण त्याला त्या दिवसाचा मायनर लीगचा कमी पगार मिळायचा. नव्या नियमांत खाली पाठवलेल्याने तिथे निदान एक सामना खेळल्याशिवाय त्याला परत आणता येत नाही. हा बदल व्हायलाच हवा होता. वाचणारे पैसे संघासाठी किरकोळ होते, त्या मुलासाठी नव्हते.

दीर्घकालीन जखमींच्या यादीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, ९० लाखांचा खेळाडू जखमी झाला की ९० लाखांची जागा तयार होते. तसं होत नाही. त्याचा आकडा वहीत राहतोच. संघाला फक्त मर्यादा ओलांडायची परवानगी मिळते, आणि तीही आधीची न वापरलेली जागा वजा करून. म्हणजे मर्यादेच्या ५ लाख आत असलेल्या संघाला ९० लाखांच्या जखमी खेळाडूमागे मर्यादेच्या वर ८५ लाखच जाता येतं. म्हणून त्या यादीत नाव टाकण्याच्या दिवशी संघ मुद्दाम मर्यादेला अगदी चिकटून उभा राहतो, त्यासाठी दोन-तीन तरुणांना एका दिवसासाठी वर-खाली करतो. शिवाय या सवलतीत असताना वर सांगितलेली रोजची बचत साचत नाही. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे कोणता घ्यायचा हे ऑक्टोबरमध्येच ठरवावं लागतं.

या नियमाची खरी पळवाट दुसरीकडे होती. प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण साखळी फेरी बाहेर होता. त्याचे ९५ लाख सवलतीत गेले, संघ पूर्ण ताकदीचा राहिला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला कुचेरोव परतला, २३ सामन्यांत ३२ गुण मिळवून सर्वांत वर राहिला आणि टँपाने चषक जिंकला. त्या वेळी मैदानावरचा संघ मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर होता. शिकागोने २०१५ मध्ये पॅट्रिक केनच्या मोडलेल्या कॉलरबोनच्या वेळी हेच केलं होतं. दोन्ही दुखापती खऱ्या होत्या, नियमही मोडला नव्हता. पण ज्या संघांचे खेळाडू सुदैवाने धडधाकट होते त्यांनाच त्याची शिक्षा होत होती, आणि ते चुकीचं होतं. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्ये उतरणाऱ्या वीस जणांचा हिशोबही मर्यादेत बसावा लागतो. जखमी खेळाडू त्या हंगामात परतणार असेल, तर सवलत लीगच्या आदल्या वर्षीच्या सरासरी पगारापुरतीच मिळते. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सर्वांत चांगला बदल आहे.

आता जिथे संघ खरे जिंकतात किंवा हरतात तिथे येऊ: खेळाडूच्या दुसऱ्या करारात. अठराव्या वर्षी निवडलेल्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याचा मूळ पगार १० लाखांच्या आत बांधलेला असतो, तो कितीही थोर असला तरी. पूर्ण मोकळीक मिळते ती साधारण सत्ताविसाव्या वर्षी. मधली चार-पाच वर्षं संघाची बाजू वरचढ असते. तेव्हा काय करायचं? माँट्रियलने २०१३ मध्ये पी. के. सुब्बानला दोन वर्षांचा छोटा करार दिला, वर्षाला २९ लाखांच्याही आत. त्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पुढच्या वर्षी त्याने वर्षाला ९० लाख, आठ वर्षं, असा करार घेतला. याउलट कोलोरॅडोने २०१६ मध्ये नॅथन मॅकिनॉनला सात वर्षं ६३ लाखांवर बांधलं. मॅकिनॉन नंतर जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत गेला, पण आकडा तोच राहिला, आणि २०२२ चा चषक कोलोरॅडोने त्या मोकळ्या जागेवर जिंकला. नवा करार सुरू होताच तो थेट दुप्पट, १ कोटी २६ लाख झाला. एडमंटनने २०१७ मध्ये लिऑन ड्रायसाइटलला ८५ लाख दिले, तेव्हा फार झाले म्हणून टीका झाली होती. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्याच्याइतका स्वस्त महान खेळाडू क्वचितच कोणाकडे होता.

एजंटांच्या बाजूचा माणूस म्हणून मी तरुणाला नेहमी छोटा करार सुचवीन असं अनेकांना वाटतं. ते मुलावर अवलंबून असतं. गुडघ्याचं दुखणं असलेल्या, घरची जबाबदारी असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला आठ वर्षांची शाश्वती नाकारायला लावणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही.

१ जुलैला करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारातली खरेदी मात्र बहुतेक वेळा मागच्या कामगिरीची किंमत असते. एडमंटनने २०१६ मध्ये मिलान लुचिचला सात वर्षं ६० लाख दिले, कॅल्गरीने २०१८ मध्ये जेम्स नीलला पाच वर्षं साडेसत्तावन्न लाख. २०१९ मध्ये दोन्ही संघांनी आपापली डोकेदुखी एकमेकांना देऊन टाकली आणि एडमंटनने पुढे नीलचा करार बायआउट केला, म्हणजे काही रक्कम देऊन मोडला.

वाईट करारातून सुटायचे मार्ग आहेत, पण प्रत्येकाचं बिल पुढे कधीतरी येतं. बायआउटमध्ये सव्वीस वा जास्त वयाच्या खेळाडूच्या उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात, द्यायचे. साइनिंग बोनसला, म्हणजे सहीच्या नावाने ठरलेल्या रकमेला, हात लावता येत नाही. म्हणून हुशार एजंट पगाराचा मोठा भाग त्या रूपात मागतो. मिनेसोटा वाइल्डने २०१२ मध्ये झॅक परीझे आणि रायन सूटर या दोघांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले आणि २०२१ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी बायआउट केलं. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये त्यांच्या कॅपमधले १ कोटी ४७ लाख संघात नसलेल्या या दोघांवर गेले, म्हणजे त्यातल्या पहिल्या हंगामात कॅपच्या १७ टक्क्यांहून जास्त. तरी त्यांचे जनरल मॅनेजर बिल गेरिन यांनी तो काळ ठरवून सोसला आणि त्या काळात घाईचे करार टाळले, हे मला कौतुकाचं वाटतं.

दुसरा मार्ग, ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घालून वर मोबदला देणं. २०१९ मध्ये टोरोंटोला पॅट्रिक मार्लोचे साडेबासष्ट लाख नकोसे झाले होते. पस्तिशीनंतर केलेला तो करार होता, त्यामुळे बायआउट करूनही कॅपमध्ये काही सुटलं नसतं. त्यांनी कॅरोलायनाला मार्लो दिला आणि सोबत आपला पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क. कॅरोलायनाकडे जागा होती; त्यांनी मार्लोला बायआउट केलं आणि त्या हक्कातून २०२० मध्ये तेराव्या क्रमांकावर सेथ जार्विस निवडला. एका हंगामाच्या जागेसाठी टोरोंटोने दहा-बारा वर्षं उपयोगी पडेल असा खेळाडू दिला. याच जार्विसच्या २०२४ च्या करारात कॅरोलायनाने काही पगार पुढे ढकलून ६ कोटी ३२ लाखांच्या आठ वर्षांच्या कराराचा कॅप हिट ७९ ऐवजी सुमारे ७४ लाखांवर आणला. ती सोयही नव्या सामूहिक करारात बंद झाली आहे.

तळाची मर्यादा गाठू न शकणाऱ्या संघांना तर अशी ओझी हवीच असतात. २०१६ मध्ये पावेल डात्स्युक रशियाला परतत होता, पण त्याचे ७५ लाख डेट्रॉइटच्या वहीत राहणार होते. अ‍ॅरिझोनाने ते घेतले: पगार द्यावा लागत नव्हता, तळ गाठला जात होता आणि बदल्यात ड्राफ्टमध्ये विसाव्यावरून सोळाव्या क्रमांकावर जाता आलं, जिथे त्यांनी याकब चिकरन निवडला.

ट्रेड करताना जुना संघ कॅप हिटचा निम्मा भाग स्वतःकडे ठेवू शकतो. मधे तिसरा संघ घातला तर उरलेल्याचाही निम्मा कमी होतो. २०२१ मध्ये टँपाने डेव्हिड सावार्डला कोलंबसकडून डेट्रॉइटमार्गे आणलं आणि ४२.५ लाखांचा बचावपटू त्यांना चतुर्थांश किमतीत पडला. चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. आता दुसऱ्यांदा पगार अडवून ठेवायचा तर मध्ये ७५ दिवस जावे लागतात, त्यामुळे एका दिवसातला असा फेरा संपला.

संघ कॅपमध्ये अडकला की प्रतिस्पर्धी ते हेरतात. २०२४ मध्ये अंतिम सामना हरलेल्या एडमंटनने जुलैमध्ये अनुभवी खेळाडू घेतले आणि ऑगस्टपर्यंत मर्यादेला भिडले. फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या त्यांच्या दोन तरुणांचे करार संपलेले होते. सेंट लुईसने दोघांना ऑफर शीट दिली, म्हणजे असा प्रस्ताव जो जुन्या संघाने जुळवायचा, नाहीतर ड्राफ्ट हक्कांचा मोबदला घेऊन खेळाडू सोडायचा: ब्रोबर्गला ४५,८०,९१७ डॉलर, हॉलोवेला २२,९०,४५७. हे विचित्र आकडे आपोआप आले नव्हते. नियमांनुसार अशा ऑफरचा मोबदला पायऱ्यांनी वाढतो आणि हे दोन्ही आकडे आपापल्या पायरीच्या अगदी वरच्या कडेवर होते. एक डॉलर जास्त झाला असता तर सेंट लुईसला मोठा मोबदला द्यावा लागला असता. एडमंटनला सात दिवस होते. त्यांनी दोघांना जाऊ दिलं आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचा एकेक हक्क घेतला. कॅप अशी वापरणारे लोक पाहिले की मला या कामाचा अभिमान वाटतो.

जिंकण्याचीही किंमत असते. शिकागोने २०१० मध्ये ४९ वर्षांनी चषक जिंकला आणि त्या उन्हाळ्यात डस्टिन बफ्लिन, अँड्रू लॅड, क्रिस व्हर्स्टीग गेले. सॅन होजेने त्यांच्या निकलस यालमार्सनला ऑफर शीट दिली. शिकागोने ती जुळवली, पण त्यामुळे गोलकीपर अँटी निएमीसाठी लवादाने ठरवलेले साडेसत्तावीस लाख उरले नाहीत. त्याला सोडावं लागलं आणि निएमी सॅन होजेलाच गेला.

आता फ्लोरिडा. तिथे राज्याचा आयकर नाही आणि त्याचा फायदा खरा आहे. टोरोंटोत हातात पडणारे पैसे आणि मायामीत हातात पडणारे पैसे यांत मोठं अंतर पडतं, म्हणून खेळाडू थोड्या कमी आकड्यावर सही करतो. पण हाच कर २००१ ते २०१९ मध्येही नव्हता आणि त्या काळात फ्लोरिडा पँथर्स बहुतेक वर्षं प्लेऑफलाही पोचत नव्हते. २०२४ आणि २०२५ चे चषक कशावर आले ते पाहा. गुस्ताव फोर्सलिंगला त्यांनी २०२१ मध्ये कॅरोलायनाने सोडल्यावर वेव्हर्समधून, म्हणजे संघांनी सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, फुकट उचललं. तो पहिल्या जोडीचा बचावपटू झाला. कार्टर व्हरहेगीला टँपाने करार देऊ केला नव्हता. पँथर्सने त्याला वर्षाला १० लाखांवर घेतलं. बारकॉव्ह, कचक, राइनहार्ट यांचे मोठे करार जमले, कारण खालचे लोक असे निवडलेले होते. टोरोंटोला ज्या जागा स्वस्तात भराव्या लागल्या, त्याच पँथर्सनेही स्वस्तातच भरल्या. फक्त त्यांचे स्काउट जास्त बरोबर निघाले.

पुढची दोन-तीन वर्षं वेगळी जाणार आहेत. कॅप २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख असेल, असं लीगने आधीच सांगितलं आहे. मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला वर्षाला १ कोटी ७० लाख दिले, तेव्हा आकडा पाहून सगळे चमकले. पण १० कोटी ४० लाखांचे ते सोळा टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे २००८ मधल्या क्रॉस्बीच्या जवळपासच. कॉनर मॅकडेव्हिडने उलट दोनच वर्षांसाठी जुन्याच १ कोटी २५ लाखांवर सही केली: एडमंटनला दोन हंगाम जागा मिळाली आणि त्याला दोन वर्षांनी, कॅप बरीच वर गेलेली असताना, पुन्हा ठरवण्याची मोकळीक. सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या खेळाडूलाही सातच वर्षं देता येतील आणि बाहेरच्याला सहा. त्यामुळे २०२५-२६ च्या हंगामात आठ वर्षांच्या शेवटच्या सह्यांची घाई दोन्ही बाजूंना झाली. वाढत्या कॅपवर आज सही करणाऱ्या खेळाडूला माझा प्रश्न एकच असतो: कराराच्या शेवटच्या वर्षी हा आकडा कॅपच्या किती टक्के असेल, आणि त्या वेळी तू तेवढ्यावर समाधानी असशील का?